चार्जरचा लाल दिवा आणि बाबांची गोळी

आजचा भाग थोडा घरगुती आहे. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचून टाका.

दिवाळीला मी बाबांना वायरलेस चार्जर दिला. ते गावी असतात, मी पुण्यात. केबलचं टोक त्यांना अंधारात सापडत नाही, म्हणून म्हटलं, हे सोपं पडेल. महिन्याभराने एका सकाळी फोन केला तर स्विच्ड ऑफ. बाबांना बीपीचा त्रास, त्यामुळे डोक्यात नको ते विचार. शेवटी शेजारच्या काकूंना फोन लावला. बाबा मस्त अंगणात चहा पीत होते! रात्रभर फोन चार्जच झाला नव्हता, एवढंच. मी चार्जरला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुढच्या शनिवारी घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. बाबा झोपताना बीपीची गोळी घेतात. स्ट्रिपचा रिकामा, कापलेला तुकडा चार्जरवरच पडायचा आणि त्यावर फोन. “लाल दिवा लुकलुकत होता रे, मला वाटलं चार्जिंग चालू आहे,” बाबा म्हणाले. म्हणजे चार्जर बिघडला नव्हता. तो त्याचं काम चोख करत होता.

हे काम म्हणजे ‘फॉरेन ऑब्जेक्ट डिटेक्शन’, थोडक्यात एफओडी. आगंतुक वस्तू ओळखणं.

आधी धोका समजून घेऊ. चार्जरमध्ये तांब्याची कॉइल असते. तिच्यातला करंट सेकंदाला लाखभर वेळा किंवा त्याहून जास्त उलटसुलट होतो. त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि फोनमधल्या कॉइलमध्ये वीज येते. पण मध्ये नाणं, किल्ली किंवा फॉइल आलं तर त्या धातूतही करंट गोल गोल फिरायला लागतो आणि धातू तापतो. इंडक्शन शेगडीवर पातेलं तापतं ना, अगदी तसंच. एवढ्याशा नाण्यात अर्धा-एक वॅट जिरला तरी ते हात पोळण्याइतकं तापू शकतं.

मग चार्जरला कसं कळतं? त्याला ना कॅमेरा, ना डोळे. वायरलेस चार्ज होणाऱ्या बहुतेक फोनमध्ये ‘ची’ नावाचं स्टँडर्ड असतं (स्पेलिंग क्यू-आय). त्यात मुख्य युक्त्या दोन.

पहिली, हिशोबाची. टाकीतून १०० लिटर पाणी सुटलं, घरी ९५ पोचलं. ५ लिटर ही पाइपची नेहमीची गळती. एके दिवशी ८० च पोचलं, तर मध्ये कुणीतरी नळ जोडलाय! इथेही फोन चार्जरला सारखा निरोप पाठवतो, “मला इतके वॅट मिळाले.” चार्जर आपण किती सोडले ते बघतो, स्वतःची नेहमीची गळती वजा करतो. उरलेला फरक मर्यादेबाहेर गेला की पुरवठा बंद.

पण यात एक गोची आहे. मोजमापात ५ टक्के चूक धरा. ५ वॅटला ती पाव वॅट होते, चालून जातं. १५ वॅटला तीच चूक पाऊण वॅट! म्हणजे तापणारं नाणं मोजमापाच्या चुकीतच लपून बसेल.

म्हणून दुसरी युक्ती, पॉवर सुरू करण्याआधीची. स्टीलच्या वाटीवर चमचा मारा, नाद घुमत राहतो. वाटीला बोट लावून मारा, नाद लगेच मरतो. कॉइलचंही असंच आहे. चार्जर तिला बारीकसा झटका देऊन कंपनं किती वेळ टिकतात ते बघतो. याला म्हणतात क्यू फॅक्टर. फोन आधीच सांगतो, “मी एकटा असेन तर क्यू साधारण इतका यायला हवा.” तो बराच कमी आला, तर मध्ये धातू आहे. अर्थात नाणं नंतर सरकत आलं तर ही तपासणी होऊन गेलेली असते, म्हणून पहिला हिशोब चालूच ठेवावा लागतो.

आता खरी कसरत. मर्यादा कडक ठेवली तर फोन जरा तिरका ठेवला तरी चार्जर बंद पडतो आणि लोक वैतागतात. सैल ठेवली तर नाणं तापतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘ची २’ मध्ये लोहचुंबक फोनला नेमक्या जागी धरतात, त्यामुळे अंदाज जास्त भरवशाचा होतो.

इलेक्ट्रिक कारच्या वायरलेस चार्जिंगचं स्टँडर्ड ११ किलोवॅटपर्यंत जातं. त्याचा १ टक्का म्हणजे ११० वॅट! तिथे गळतीच्या हिशोबाने नाणं सापडणं कठीण, म्हणून पॅडवर छोट्या सेन्सिंग कॉइल्सची जाळी पसरता येते. आणि गाडीखाली झोपायला येणाऱ्या मांजरासाठी वेगळी व्यवस्था लागते.

तुमच्यासाठी तीन गोष्टी:

१. दिवा लुकलुकला तर फोन उचला, खाली काय आहे बघा. धातू दिसला तर लगेच हात लावू नका, गार होऊ द्या.

२. कव्हरमागची लोखंडी पट्टी किंवा रिंग काढून ठेवा.

३. कव्हरमध्ये एटीएम किंवा मेट्रो कार्ड ठेवून चार्ज करू नका. त्यात जिरणारी पॉवर इतकी थोडी असू शकते की एफओडीला पत्ता लागत नाही, पण चिप खराब होऊ शकते.

आणि आईबाबांना चार्जर दिलात तर कुठल्या दिव्याचा अर्थ काय, तेही सांगा. मी सांगितलं नव्हतं. आता बाबांच्या चार्जरशेजारी एक वाटी आहे, रिकाम्या स्ट्रिपसाठी.

भेटू पुढच्या भागात. तोवर फोन चार्ज ठेवा, आणि घरी एक कॉल करा!