खानदानाचा मेळावा कोठे भरवावा? जागा निवडण्याचा हिशोब

धंद्याच्या निमित्ताने एकाच खानदानाची घरे आता चार-पाच गावांत विखुरलेली असतात. सर्वजण एकत्र येतात ते लग्नात किंवा जनाजाला. लग्नात जेवून निघण्याची घाई असते आणि जनाजा ही काही गप्पांची वेळ नव्हे. चुलत-मावस भावंडांची मुले रस्त्यात समोरासमोर आली तरी एकमेकांना ओळखत नाहीत, आणि जुनी नाती तोंडपाठ असणारे बुजुर्ग तर दरसाल कमी होत आहेत. म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा सर्व घरांनी कोठेतरी दोन-तीन दिवस एकत्र राहावे, असा विचार बऱ्याच घरांत निघतो. विचार उत्तम आहे. परंतु तो बहुधा एकाच प्रश्नावर येऊन अडतो, तो म्हणजे जायचे कोठे?

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. शंभर माणसांचे दोन-तीन दिवसांचे येणे-जाणे, राहणे-खाणे आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई यांची बेरीज करून पाहा. एखाद्या लहान दुकानात भरायचा माल त्यात येईल. एवढ्या रकमेचा माल आपण भाव काढल्याशिवाय घेत नाही. जागेची निवड मात्र कोणीतरी फोटो दाखवला म्हणून होते, किंवा ज्याचा पैसा जास्त त्याच्या पसंतीने होते.

माझे म्हणणे असे की निवड उलट टोकाकडून करावी. ज्या घराला येणे सर्वात कठीण आहे, त्या घराला जी जागा जमेल तीच घ्यावी. पैसेवाला कोठेही पोहोचतो. मीटरवर मजुरी घेणारा मागवाला भाऊ, गुडघे धरलेली खाला आणि तान्हे मूल असलेली सून यांचे तसे नसते. हे लोक आले नाहीत तर शंभरातले ऐंशी जमूनही तो मेळावा झाला असे म्हणता येत नाही.

सोयीसाठी आम्हा विणकर खानदानांचेच उदाहरण घेतो. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून अनेक मोमीन घराणी दक्षिणेकडे सरकली आणि बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी, नागपूर अशा ठिकाणी हातमाग टाकून बसली. पुढे यंत्रमाग आले, काहीजण इचलकरंजीकडेही गेले. समजा अशा एका खानदानाची 112 माणसे आहेत. त्यांतली मालेगावात 46, भिवंडीत 34, बुऱ्हाणपुरात 14, इचलकरंजीत 11 आणि नागपुरात 7. पैकी कोणी म्हणाले महाबळेश्वर आणि कोणी म्हणाले खुलताबाद, तर कसे ठरवावे?

किलोमीटर मोजू नयेत, माणसांचे तास मोजावेत. घरातील माणसे गुणिले एका बाजूच्या प्रवासाचे तास, हा साधा गुणाकार आहे. खुलताबादला मालेगावहून तीन तास, भिवंडीहून सहा, बुऱ्हाणपूरहून सहा, नागपूरहून आठ आणि इचलकरंजीहून अकरा तास धरले, तर बेरीज 603 येते. महाबळेश्वरला मालेगावहून नऊ, भिवंडीहून सात, बुऱ्हाणपूरहून चौदा, नागपूरहून सतरा आणि इचलकरंजीहून पाच तास धरले, तर 1022. तास अंदाजाचे आहेत, एखादा तास इकडे-तिकडे होईल. पण 603 आणि 1022 मध्ये एवढे अंतर आहे की अंदाज थोडा चुकला तरी निकाल बदलत नाही.

या गुणाकारात एक खोट आहे, ती डोळ्यांआड करू नये. बेरीज कमी आली तरी सगळा बोजा एकाच घरावर पडू शकतो. वरच्या हिशोबात इचलकरंजीच्या अकरा जणांना अकरा तास पडतात. त्यावर तोडगा पैशाचा आहे. प्रत्येक घराने आपापले भाडे भरायचे आणि राहण्याचा खर्च वाटून घ्यायचा, ही रीत प्रचलित आहे आणि तीच अन्यायाची आहे, कारण दूरच्या घराला दूर राहण्याचा दंड बसतो. सर्व घरांचे भाडे, जागा, जेवण, सर्व एका खात्यात धरावे आणि एकूण रक्कम कमावत्या माणसांवर वाटावी. ज्याची ऐपत आहे त्याने दोन-तीन वाटे उचलावेत. कोणी किती दिले हे फक्त हिशोब ठेवणाऱ्या एका माणसाला माहीत असावे. यादी वाचून दाखवण्याची हौस काही लोकांना असते. त्या हौसेपायी पुढच्या वेळी दोन घरे लग्नाचे कारण सांगून येत नाहीत.

खुलताबादचे नाव मी उगाच घेतले नाही. ते बऱ्याच वाटांच्या मध्यावर पडते. मनमाड जंक्शन मालेगावहून चाळीस किलोमीटरच्या आत आहे. बुऱ्हाणपूर मुंबईच्या मुख्य मार्गावरच असल्याने तेथून भुसावळमार्गे गाडीने मनमाडला येता येते. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड अशी येते, ती इचलकरंजीवाल्यांना उपयोगी. मुंबईकडून तपोवन आणि देवगिरी या गाड्या मनमाडवरून थेट छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला जातात. तेथून खुलताबाद पंचवीस-सव्वीस किलोमीटर. भिवंडीवाल्यांची तर 2025 साली मोठी सोय झाली. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. नागपूरचे लोकही त्याच 701 किलोमीटरच्या रस्त्याने दुसऱ्या टोकाकडून येतात. मात्र त्या रस्त्यावर मोटारसायकल आणि रिक्षा चालत नाही. घासलेले टायर असलेली गाडीही तेथे नेऊ नये, सिमेंटवर सलग वेगाने चालून टायर तापतात आणि फुटतात.

पोहोचल्यावर बुजुर्गांना फार चालावे न लागता पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जर जरी जर बख्श यांचे दर्गे, औरंगजेबाची उघड्या आकाशाखालची साधी कबर, मलिक अंबरचा मकबरा. वेरूळची लेणी चार-पाच किलोमीटरवर, दौलताबादचा किल्ला शहराकडे जाताना वाटेत, आणि मुलांना मोकळ्या हवेसाठी म्हैसमाळ बारा-तेरा किलोमीटरवर. कापडवाल्यांनी शहरात हिमरूचे माग जरूर पाहावेत. आपल्या मुलांनी यंत्रमागाचा खडखडाट रोज ऐकलेला असतो, पण सूत आणि रेशीम एकत्र विणून नक्षी कशी उठते हे त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेले असेल.

दोन सावधगिऱ्या. मे महिन्यात त्या भागात पाण्याची ओढ असते. जागा ठरवताना टाकी किती लिटरची आणि टँकरचा खर्च कोणाकडे, हे आधी विचारावे. रबीउल अव्वलमध्ये तेथे उरूस भरतो, त्या दिवसांत शंभर माणसांना एके ठिकाणी जागा मिळणे कठीण. शिवाय मार्च 2025 मध्ये कबरीच्या वादावरून तेथे मोठा पोलीस बंदोबस्त होता. अशा प्रसंगी आठवडाभर आधी तेथील ओळखीच्या दुकानदाराला फोन करून विचारावे, एवढे पुरे.

प्रत्येक खानदानाला हीच जागा योग्य, असे नव्हे. ज्यांची घरे मुंबई, भिवंडी, कल्याण, पुणे एवढ्यातच आहेत त्यांनी माथेरान पाहावे. नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे 1907 साली सुरू झाली. ती सर आदमजी पीरभाई या मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्याच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीने बांधली गेली. सुमारे 21 किलोमीटरचा तो डोंगरी मार्ग आपल्यासारख्याच एका व्यापारी घराने उभा केला, हे मुलांना गाडीत बसवून सांगण्यासारखे आहे. परंतु दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी आहे आणि सामान हमाल किंवा घोड्यावरून न्यावे लागते. ऐंशीच्या घरातले बुजुर्ग चार-पाच असतील तर तेथील सर्व सौंदर्य बाजूला ठेवावे. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, तेव्हा वर फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते.

कोकणातल्या बांधवांचा प्रश्न निराळा. त्यांची निम्मी माणसे आखातात. तिकडच्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये आणि इकडच्या शाळांना मे महिन्यात, त्यामुळे दोन्हीकडची मुले एका वेळी मोकळी सापडत नाहीत. जुलैत कोकणात पाऊस कोसळत असतो, जंजिऱ्याच्या होड्या बंद, कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकाने हळू चालते. अशा खानदानांनी हॉटेल शोधण्यापेक्षा गावातले मूळ घर दुरुस्त करून तेथेच जमावे. आखातातल्या भावांनी विमानाचे भाडे भरलेलेच असते, त्यावर पुन्हा रिसॉर्टचा बोजा कशाला? गणपतीच्या आठवड्यात मात्र कोकणच्या गाडीचे तिकीट मिळेल या भरवशावर राहू नये.

राहण्यासाठी शंभर माणसांना पन्नास खोल्या घेण्याची गरज नसते. लग्नसराई नसताना शादीखाना किंवा मंगल कार्यालय कमी भाड्यात मिळते. मर्द आणि मुले हॉलमध्ये, औरतांना दुसरा हॉल किंवा वरचा मजला, आणि बुजुर्ग व तान्ह्या मुलांच्या आया यांच्यासाठी जवळच्या लॉजमध्ये सात-आठ खोल्या. पाहायला जाल तेव्हा झुंबर पाहू नका, संडास मोजा. दहा माणसांमागे एक तरी हवा आणि त्यांतले किमान दोन बसायच्या भांड्याचे हवेत. गुडघ्याचे दुखणे असलेली बाई या एका कारणाने घरी थांबते आणि कारण कोणाला सांगत नाही. वुजूसाठी तोट्या किती आणि जेवण रांधायला परवानगी आहे की नाही, हेही तेव्हाच विचारावे. काही कार्यालयांत मांसाहार चालत नाही, ते पेशगी दिल्यानंतर कळते. बावर्ची आणि देग आपल्या गावाहून नेल्यास खर्च कमी येतो आणि जेवण ओळखीच्या चवीचे मिळते.

पेशगीची पावती तारखेसह घ्यावी आणि बेत रद्द झाल्यास किती परत मिळणार ते त्यावरच लिहून घ्यावे. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुना दर लावलेले बिल परत करावे. आणि हे घरचे बिल दुकानाच्या खर्चात दाखवू नये. तो धंद्याचा खर्च नव्हे, हे आपल्यालाही माहीत असते आणि तपासणीला येणाऱ्यालाही.

एसटीच्या बाबतीत एक हिशोब करून पाहावा. प्रासंगिक करारावर पूर्ण गाडी घेता येते, ती दारापर्यंत येते, ही सोय मोठी. परंतु नेहमीच्या एसटीत राज्यात 75 वर्षांवरील बुजुर्गांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे आणि मार्च 2023 पासून औरतांना अर्धे भाडे. ज्या घरात औरती आणि बुजुर्ग जास्त, त्यांना साध्या गाडीने येणे बरेच स्वस्त पडते. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी खुले होते, पूर्वीचे 120 दिवस आता नाहीत. एका तिकिटावर सहाच नावे बसतात, म्हणून इचलकरंजीच्या अकरा जणांची दोन तिकिटे एकाच दिवशी सकाळीच काढावी लागतील.

तारीख सर्वात शेवटी ठरवतात, खरे तर ती जागेबरोबरच ठरली पाहिजे. आपले चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. बकरी ईद 2024 मध्ये 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. त्यामुळे गेल्या वेळची सोयीची तारीख या वेळी रमजानच्या उठावात सापडू शकते. कापडवाल्याला ईदच्या आधीचा महिना, दिवाळीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई सोडावी लागते. मागवाल्याचे पाहायचे तर मालेगावात जुम्म्याला माग बंद असतात. जुमेरातच्या संध्याकाळी निघून शनिवारी रात्री परत आले तर त्याची एकाच दिवसाची मजुरी बुडते. रविवार धरून ठरवले तर दोन दिवसांची. शाळांचेही पाहावे लागते. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असल्याने तेथील सुट्ट्यांचा हिशोब वेगळा. नागपूर आणि बुऱ्हाणपूरच्या घरांकडून सुट्टीच्या तारखा आधी मागवाव्यात, मग बाकीच्यांना विचारावे. वेरूळ पाहायचे असेल तर मंगळवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात.