कामाचा अंदाज आणि मागील कामांची वही

मृग नक्षत्र सरून राबांतील रोपें वीतभर वर आलीं, कीं कर्जत-खालापूरच्या खेड्यांतून एकच प्रश्न ऐकूं येतो: "एवढ्या खाचराला किती बाया लागतील?" घरांतील वडील बाई बांधावर उभी राहते, क्षणभर चिखलाकडे पाहते व सांगते, "आठ जणी, दुपारपर्यंत." तिनें कागद घेतलेला नसतो, गुणाकार केलेला नसतो, तरी भाकरीच्या वेळेपर्यंत लावणी बहुधा उरकते. या उत्तरापाठीमागें चाळीस पावसाळे उभे असतात. कोणतें खाचर जड, कोणत्याला पाणी उशिरा मिळतें, पाऊस कोसळत असला म्हणजे हात किती मंदावतात, हें सर्व तिच्या स्मरणांत नोंदलेलें असतें. तीच तिची वही.

त्याच भागांतून पहांटेच्या लोकलनें ठाण्याकडे, ऐरोलीकडे वा मुंबईकडे जाणाऱ्या तरुण मंडळींपैकीं कित्येकांच्या व्यवसायांतही हाच प्रश्न रोज विचारला जातो. उत्तर देणारी वडील बाई मात्र तेथें नसते. हा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. संगणकानें काय करावें हें त्याला बारीकसारीक आज्ञांच्या रूपानें लिहून द्यावें लागतें, आणि अशा आज्ञांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात. एखाद्या पतपेढीला आपले कर्जखात्यांचे हिशेब संगणकावर आणावयाचे असतात. ती विचारते: दिवस किती लागतील, आणि पैसे किती? उत्तर फार जास्त दिलें तर काम दुसरीकडे जातें. फार कमी दिलें तर त्याची किंमत प्रथम पतपेढी भरीत नाहीं, मालकही भरीत नाहीं. ती भरतो शेवटच्या लोकलनें कर्जतला उतरणारा बावीस वर्षांचा कारागीर, ज्याला अंदाज देतेवेळीं कोणीं विचारलेलेंही नसतें.

यावर उपाय आहे, आणि तो शाळेंतील गणिताच्या पलीकडचा नाहीं. पुऱ्या झालेल्या प्रत्येक कामाविषयीं दोनच गोष्टी लिहून ठेवाव्या. एक, काम केवढें होतें. दुसरी, त्याला प्रत्यक्ष किती मनुष्यदिवस लागले. एका माणसाचें एका दिवसाचें काम म्हणजे एक मनुष्यदिवस. कामाचें माप कोणतेंही चालेल, पण तें काम सुरू होण्यापूर्वीं मोजतां आलें पाहिजे. आज्ञांच्या ओळी मोजण्याची रीत जुनी आहे, परंतु ओळी किती झाल्या हें काम संपल्यावरच कळतें. म्हणून संगणकाच्या पडद्यावर दिसणारे तक्ते व छापून निघणारीं पत्रकें यांची बेरीज धरणें सोयीचें. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीच्या ॲलन आल्ब्रेख्ट यानें १९७९ सालीं याच विचारानें, गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या गोष्टींवरून काम मोजण्याची पद्धत मांडली होती.

समजा, एका लहान कचेरीच्या वहींत सहा कामें नोंदलेलीं आहेत. १० तक्त्यांच्या कामाला ५६ मनुष्यदिवस लागले, १५ च्या कामाला ६३, २० ला १००, ३० ला १२१, ३५ ला १६३ आणि ४० ला १६९. चौकटीच्या कागदावर तक्ते आडवे व दिवस उभे घेऊन सहा ठिपके मांडले, तर ते एका तिरप्या रेघेच्या आसपास पडलेले दिसतात. सर्व ठिपक्यांतून जाणारी सरळ रेघ नसतेच. मग कोणती रेघ खरी मानावी? फ्रेंच गणिती लझांद्र यानें १८०५ सालीं याचें उत्तर छापून प्रसिद्ध केलें. प्रत्येक ठिपका रेघेपासून किती वर वा खालीं आहे तें मोजावें, त्या अंतरांचे वर्ग करावे, आणि वर्गांची बेरीज जिच्यासाठीं सर्वांत कमी येते ती रेघ निवडावी. वरील सहा कामांना ही रीत लावली तर सूत्र येतें तें असें: तक्त्यांच्या संख्येला ४ नें गुणावें आणि त्यांत १२ मिळवावे.

या बारांकडे दुर्लक्ष करूं नये. काम कितीही लहान असलें तरी गिऱ्हाइकाचें म्हणणें समजून घेणें, चार बैठका, शेवटीं काम हवालीं करणें, यांत जे दिवस जातात ते हे बारा. "तक्त्याला चार दिवस" असा सरसकट दर लावणारा हिशेबनीस प्रत्येक लहान कामांत तोटा खातो, तो येथेंच.

आतां २५ तक्त्यांचें नवें काम आलें. सूत्र सांगतें, ११२ दिवस. पण जुनीं सहा कामें तरी रेघेवर कोठें पडलीं होतीं? कोणी ११ दिवसांनीं वर, तर कोणी तितकेच खालीं. त्यांतून नोंदी अवघ्या सहा, म्हणून रेघही थोडी डळमळीतच. हें सर्व गणितांत धरलें आणि पांचांत चार वेळां खरें ठरेल असें उत्तर मागितलें, तर तें सुमारें ९५ ते १३० दिवस असें येतें. ऐकणाऱ्याला असें उत्तर आवडत नाहीं. त्याला एकच आंकडा हवा असतो. तरी खरें उत्तर हेंच आहे. ११२ हा अंदाज झाला, आणि गिऱ्हाइकाला कोणती तारीख द्यावयाची हें वचन झालें. वचन १३० कडे झुकलेलें असावें कीं ९५ कडे, हें धंद्यानें ठरवावें; पण ९५ चें वचन देऊन त्यालाच अंदाज म्हणणें ही आंकड्यांची नव्हे, माणसांची फसवणूक होय. कित्येक कचेऱ्यांत वरिष्ठ प्रथम तारीख ठरवितात आणि मग तिच्याशीं जुळेल असा अंदाज कनिष्ठांकडून लिहवून घेतात. तेथें संख्याशास्त्राचा कांहीं इलाज चालत नाहीं.

कोणी म्हणेल, वही ठेवण्याचा खटाटोप कशाला, तयार सूत्रें आहेतच कीं! आहेत खरीं. अमेरिकेंतील बॅरी बोएम या गृहस्थानें ६३ कामांचा अभ्यास करून १९८१ सालीं 'कोकोमो' नांवाचें सूत्र प्रसिद्ध केलें. त्याच्या अगदीं साध्या रूपांत हजार ओळींची संख्या १.०५ या घाताला चढवून २.४ नें गुणली कीं मनुष्यमहिने मिळतात. दहा हजार ओळींना सुमारें २७ महिने, तर लाख ओळींना सुमारें ३०२. काम दहापट, श्रम अकरापटीहून अधिक. माणसें वाढलीं कीं त्यांचें एकमेकांशीं बोलणें वाढतें, त्याचा हा भार. बोएमच्या प्रामाणिकपणाचें कौतुक यासाठीं, कीं हें साधें रूप शंभरांपैकीं साठच वेळां दुपटी-निमपटीच्या आंत राहतें, हें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें. ज्या कामांवरून सूत्र काढलें त्यांचीच ही कथा. पुढें १९८७ सालीं ख्रिस केमेरर यानें हें व आणखी तीन सूत्रें दुसऱ्या एका संस्थेच्या १५ कामांना लावून पाहिलीं, तेव्हां कोकोमोची सरासरी चूक सहाशे टक्क्यांच्या घरांत गेली. सूत्र खोटें नव्हतें. तें परक्या शेतावरचें होतें. देशावरच्या ज्वारीचा हिशेब खालापूरच्या भाताला लावावा तसें तें झालें. आपल्या दहाबारा कामांची वही दुसऱ्याच्या साठ कामांपेक्षां उपयोगी पडते, ती या कारणानें.

आपल्या वहीलाही मात्र कुंपण असतें. वरील कचेरीचें सर्वांत मोठें काम ४० तक्त्यांचें. तिनें २०० तक्त्यांचें काम घेतलें, तर सूत्र निमूटपणें ८१२ हा आंकडा देईल. पण चाळिसापलीकडे ती रेघ कोणीं पाहिलेली नाहीं. काम नव्या जातीचें असलें तर प्रकार याहून बिकट होतो. याचें उदाहरण कर्जतच्या दारांतच आहे.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५३ सालीं ठाण्याला, १८५४ सालीं कल्याणला आणि १८५६ सालीं कर्जतवरून खोपोलीला पोंचला. कल्याण ते खोपोली सुमारें ३८ मैल, म्हणजे दोन वर्षांत वर्षाला १९ मैल. केवळ या वहीवरून एखाद्या कारकुनानें पळसदरीपासून खंडाळ्याकडे चढणाऱ्या पुढील सुमारें १६ मैलांचा अंदाज केला असता, तर तो वर्षाच्या आंतला आला असता. घाटाचें काम जानेवारी १८५६ मध्यें सुरू झालें आणि मार्ग उघडला १८६३ सालीं. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील सपाट मैल आणि १,८३१ फूट चढणारा, २५ बोगद्यांचा मैल यांना एकच नांव असलें तरी त्या दोन निरनिराळ्या वस्तू होत. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यानें असलें भाबडें गणित केलें नव्हतें. त्यानें डोंगराची मोजणी पुनःपुन्हा करविली होती. तरीही वहींत नसलेल्या गोष्टी आल्याच. १८५९ सालीं मक्तेदार फेव्हिएल यानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईला उतरल्यावर थोड्याच दिवसांत निवर्तला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता पुढें चालवून काम तडीस नेलें. कामावर एके काळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर होते, आणि पटकीनें त्यांच्यांतील किती घरें बसविलीं याला गणती नाहीं. खंडाळा ते पुणें हा मार्ग १८५८ सालींच तयार झाला होता. त्यामुळें मधलीं पांच वर्षें उतारूंनीं खोपोलीला गाडींतून उतरावें, पालखींतून, तट्टावरून वा बैलगाडींतून घाट चढावा, आणि वर दुसरी गाडी धरावी, असा क्रम चालला.

अशा कामाचा अंदाज एका रेघेनें होत नाहीं. त्याचे तुकडे करावे लागतात. जे तुकडे सपाटीचे आहेत त्यांना वहीचें सूत्र लावावें; जे घाटाचे आहेत त्यांतील एक लहानसा आधीं प्रत्यक्ष करून पाहावा, व त्याला किती दिवस लागले त्यावरून बाकीचे मोजावे. चांगले सॉफ्टवेअर-कारागीर हेंच करतात: नव्या जातीच्या चाळीस तक्त्यांपैकीं प्रथम तीन पुरे करतात आणि मगच तोंड उघडतात.

वही भरतांना एका रकान्याची चोरी फार होते. १८६७ सालीं, म्हणजे मार्ग सुरू होऊन चार वर्षें झाल्यावर, घाटांतील एक मोठा पूल ढासळला व तो पुन्हा बांधावा लागला. सॉफ्टवेअरचेंही असेंच. काम हवालीं केल्यावर महिना-दोन महिने दुरुस्त्या चालतात, आणि ते दिवस नव्या कामाच्या नांवावर मांडले जातात. मग जुनें काम ५६ दिवसांचें दिसतें, खरें असतें ७० चें, आणि पुढील प्रत्येक अंदाज तितकाच लंगडा निघतो. अर्ध्यावर सोडून दिलेलीं कामें तर बहुधा वहींत येतच नाहींत. ते दिवस ज्या कामाचे त्याच कामापुढें लिहावे, आणि सोडलेलें काम तांबड्या शाईनें कां होईना, पण वहींत असावें.