तलावोतलावी नेण्याच्या होडीला मोटर कोणती घ्यावी?

साकोली भागातील मासळीच्या व्यापाऱ्यांकडून आमच्याकडे गेल्या काही दिवसांत एकच विचारणा होत आहे. चौदा-पंधरा फुटी फायबरची होडी घेतली आहे. ती पिकअपवर किंवा ट्रेलरवर चढवून आज या तलावावर, उद्या त्या तलावावर न्यायची आहे. वल्ही मारून माणसे थकतात आणि मासळी बाजारात उशिरा पोहोचते. तेव्हा होडीमागे किती हॉर्सपॉवरची मोटर लावावी?

आमच्या मते हॉर्सपॉवरचा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. आधी आपले पाणी कोणते, होडीत वजन किती आणि मोटर बिघडली तर ती उघडणारा मिस्त्री किती अंतरावर आहे, हे पाहावे. या तीन गोष्टी न पाहता घेतलेली मोटर दुसऱ्या हंगामात ताडपत्रीखाली पडून राहते आणि त्यात अडकलेले भांडवल मासळीच्या धंद्यातून परत येत नाही.

प्रथम पाणी पाहू. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या येथे जागोजागी आहेत. हे पाणी उथळ, कडेला बेशरमची झुडपे, कुठे जलपर्णी, आणि उन्हाळ्यात तळाचा चिखल हाताला लागतो. याउलट पवनीजवळ वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द धरणाचा जलाशय किंवा गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह हे मोठे, खोल पाणी. तिथे दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. या दोन पाण्यांना एकच मोटर सारखी शोभत नाही.

उथळ तलावात आऊटबोर्ड मोटरचा पंखा वनस्पतीत गुंततो आणि मोटर थंड ठेवणारे पाणी ज्या छिद्रातून आत जाते ते चिखलाने बुजते. मोटर चालू असताना मागून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. ती धार बंद झाली की मोटर ताबडतोब बंद करावी. दोन-चार मिनिटांच्या दुर्लक्षाने आतील रबरी पंखा जळतो, पुढे इंजिनही धरते. लहान मोटरच्या पंख्याला बहुधा एक पिन असते. पंखा दगडावर किंवा खुंटावर आपटला की ही पिन तुटते आणि आतील गिअर वाचतो. अशा चार-पाच पिना आणि एक पकड होडीतच ठेवावी. किनाऱ्यावर ठेवलेल्या पेटीचा भर तलावात काही उपयोग नाही.

अशा पाण्यासाठी आम्ही एक वेगळा पर्याय सुचवितो. पंपाच्या साध्या पेट्रोल इंजिनला लांब दांडा जोडून त्याच्या टोकाला पंखा बसवितात. याला लाँगटेल म्हणतात. थायलंडमध्ये हजारो होड्या याच पद्धतीने चालतात. पंखा हवा तेव्हा पाण्याबाहेर उचलता येतो, इंजिन हवेवर थंड होते, म्हणून चिखल आत जाण्याचा प्रश्नच नाही. आवाज मोठा, वळण अवघड, वेग बेताचा, हे दोष आहेतच. पण धानाला पाणी देणाऱ्या पंपाचे इंजिन उघडणारा मिस्त्री साकोलीत मिळतो, आऊटबोर्डचा शोधावा लागतो.

आता वजन आणि वेग. पाण्यात बसून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. चौदा फुटी होडीला ही मर्यादा ताशी नऊ-साडेनऊ किलोमीटरच्या आसपास पडते. त्यापुढे ताकद वाढविली तर होडी मागून खाली दबते, पुढून वर उचलते आणि पेट्रोल लाटा करण्यात जाते. पाण्याच्या पृष्ठावर उचलून धावायला सपाट बुडाची आणि हलकी होडी लागते. बर्फाच्या पेट्या, जाळी आणि तीन माणसे भरल्यावर ती हलकी राहत नाही. म्हणून जवळच्या तलावांसाठी चार ते सहा हॉर्सपॉवर पुष्कळ झाली. गोसीखुर्दसारख्या पाण्यावर रोज लांबचा पल्ला आणि समोरून वारा असेल, तरच आठ ते दहाचा विचार करावा.

पेट्रोलचा हिशेब पाहा. टू-स्ट्रोक मोटर पूर्ण जोरात चालविली तर दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे ४०० मिलिलिटर पेट्रोल पिते. म्हणजे पाचची मोटर तासाला २ लिटर आणि पंधराची ६ लिटर. फोर-स्ट्रोक त्याहून कमी खाते. तासाला ४ लिटरचा हा फरक रोजच्या मासळीच्या नफ्यातून जाणार, हे घेणाऱ्याने कागदावर मांडून पाहावे.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर बाजारात वाद आहे. टू-स्ट्रोक वजनाला हलकी, उघडायला सोपी, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. कंपनीने ५० ला १ सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, अंदाजाने नव्हे, मापाने. आणि तेल पाण्यातील मोटरचेच हवे, मोटारसायकलचे चालत नाही. फोर-स्ट्रोक शांत आणि काटकसरी, पण पाचची मोटरही पंचवीस किलोच्या आसपास भरते. शिवाय ती पिकअपमध्ये कशीही आडवी टाकता येत नाही. ठराविक कुशीवरच ठेवावी लागते, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून हात दुखतात. ज्यांची होडी रोज गाव बदलते त्यांनी ही बाब लहान समजू नये. कोणती कुशी, ते माहितीपुस्तिकेत चित्रासह दिलेले असते.

पेट्रोलची आणखी एक अडचण आता उभी राहिली आहे. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि बऱ्याच परदेशी आऊटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. इथेनॉल हवेतील ओल शोषते. तलावावरची टाकी महिनाभर अर्धवट भरून ठेवली तर पाणी तळाशी बसते. विक्रेत्याकडून वॉरंटीबाबत लेखी उत्तर घ्यावे, हंगाम संपताच टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावे.

दांड्याच्या लांबीची चूक तर आम्ही वारंवार ऐकतो. होडीच्या मागच्या फळीच्या वरच्या काठापासून बुडापर्यंत टेप लावून मोजावे. १५ इंच भरले तर आखूड दांडा, २० इंच भरले तर लांब. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर खाली यावी. दांडा फार लांब झाला तर उथळ पाण्यात तळ घासतो, आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि नुसताच गरगरतो. ही मोजणी दुकानात जाण्यापूर्वी करावी, कारण दुकानदार आपल्याजवळ असेल तोच माल दाखविणार.

जुनी मोटर स्वस्त मिळते. किनाऱ्याकडून आलेली असेल तर ती खाऱ्या पाण्यात राबलेली असते आणि आतील वाटा क्षाराने बुजलेल्या असू शकतात. खालच्या गिअरपेटीचा स्क्रू काढून तेल पाहावे. दुधासारखे पांढरट तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे. कंपनीचे नाव मोठे आहे एवढ्यावर भुलू नये. ओले इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये अमेरिकेत आऊटबोर्ड विकायला काढली आणि त्याचे नाव जगभर झाले. तरीही २०२० मध्ये त्या नावाच्या मोटरींचे उत्पादन बंद पडले. म्हणून पंप, प्लग, पंखा आणि पिना नागपुरात मिळतात का, हे दुकानदाराला नव्हे, आधी तीच मोटर वापरणाऱ्याला विचारावे.

कायद्याचेही पाहावे. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या होडीची तपासणी व नोंदणी लागते. ट्रेलर रस्त्यावर न्यायचा तर त्याचीही नोंदणी हवी. तलावाचा मक्ता किंवा सहकारी संस्थेचा हक्क असला तरी मोटर चालवायची परवानगी वेगळी विचारावी, विशेषतः नवेगावबांधसारख्या वनखात्याच्या हद्दीत.

आणि माणसांचा जीव. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ याच वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची नाव उलटली आणि त्यांचे जीव गेले. मोटर बसली की वेग येतो, वेग आला की मालक आणखी दोन पेट्या आणि आणखी एक माणूस चढवितो. मागे पंचवीस-तीस किलोची मोटर, तिच्याजवळ चालविणारा आणि पेट्रोलची टाकी, एवढे वजन एकाच टोकाला बसते. मोटरच्या किमतीत प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट धरूनच अंदाजपत्रक करावे.

पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला तलावावर बोलवावे. होडीत मासळीऐवजी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवावीत, नेहमीची माणसे बसवावीत आणि मोटर पूर्ण जोरात चालवून पाहावी. पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपर्यंत मोटर पोहोचत नसेल तर पंखा जास्त पिचचा आहे, तो बदलून मागावा. फेऱ्या मर्यादेपलीकडे जात असतील तर पिच कमी आहे. विक्रेता तलावावर यायला तयार नसेल, तर पुढे दुरुस्तीसाठी तो येईल का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.