एक पाय की दोन? ड्रमच्या वेगाचे गणित

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो, तेवढ्या वेळात कोणी पायाने तेरा ठोके वाजविले, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? 'हेवी मेटल' या पाश्चात्त्य संगीतप्रकारात असे वादक आहेत. हे संगीत 1970 च्या सुमारास इंग्लंडमध्ये पुढे आले. 'ब्लॅक सॅबथ' या बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी त्याच वर्षी निघाली. पुढे या संगीताची लय वाढतच गेली आणि तिचा सर्वांत मोठा भार पडला तो ड्रमवादकाच्या पायांवर.

या वादकांत एक जुना वाद आहे. काही म्हणतात, "एकाच पायाने वाजवील तो खरा वादक. दोन पाय वापरणे ही पळवाट." दुसरे म्हणतात, "एका पायाला हे जमणेच शक्य नाही." मित्रांनो, हा वाद आरडाओरडा न करता सुटू शकतो. त्यासाठी थोडे गणित आणि थोडे शरीरशास्त्र पुरे आहे.

पायाला काम कसे मिळाले?

ड्रमवादकाच्या पायाशी जो मोठा, आडवा ठेवलेला ढोल असतो त्याला बास ड्रम म्हणतात. पायडलची पट्टी पायाने दाबली की साखळी किंवा पट्टा ओढला जातो आणि एक छोटी हातोडी ढोलावर आदळते. पाय सैल सोडला की स्प्रिंग हातोडीला मागे खेचते. म्हणजे ही एक तरफच होय.

पूर्वी वादक बास ड्रमही हातातल्या काठीनेच वाजवीत आणि त्याच काठ्यांनी शेजारचा लहान ड्रमही सांभाळीत. पायाने वाजविण्याची काही साधने निघाली होती, पण ती मंद होती. शिकागोचा वादक विल्यम लुडविग याला नाटकगृहातील द्रुत संगीतासाठी ती अपुरी वाटली. म्हणून त्याने चपळ पायडल तयार केले आणि 1909 मध्ये आपल्या भावासह ते विकण्याचा कारखाना काढला. थोडक्यात, वेगाची अडचण या पायडलच्या जन्मापासूनची आहे.

आठशे ठोक्यांचा हिशेब

आपल्याकडे तबल्यात मात्रा असते, तशीच तेथेही असते. द्रुत मेटल संगीतात मिनिटाला 200 मात्रा ही नेहमीची लय आहे. बास ड्रम पुष्कळदा चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार ठोके असा वाजतो. 200 गुणिले 4 म्हणजे मिनिटाला 800 ठोके. 60 ने भागा. सेकंदाला सुमारे 13.3 ठोके येतात. दोन ठोक्यांमधील अंतर उरते 75 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा अवघा तेराव्या भागाइतका वेळ.

आता एक प्रयोग करा. खुर्चीवर बसा, टाच जमिनीवर टेकवा आणि पायाचा चवडा जमेल तितक्या जलद आपटा. मित्राला दहा सेकंद मोजायला सांगा. बहुतेकांचा आकडा 30 ते 45 च्या आसपास येतो. म्हणजे सेकंदाला तीन ते साडेचार ठोके. सराव नसलेला आपला पाय 13.3 पासून फार दूर आहे.

पाय अडतो कोठे?

चवडा खाली दाबण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. तो वर उचलण्याचे काम नडगीच्या पुढील बाजूचा स्नायू करतो. स्नायूला आकुंचन पावायला वेळ लागतो, तसाच सैल पडायलाही लागतो. पोटरीचा पहिला गट सैल पडण्याआधीच नडगीच्या स्नायूला "ओढ" असा हुकूम आला, तर दोघे एकाच वेळी ताठ होतात. दोन बैल विरुद्ध दिशांना ओढू लागले की गाडी जागीच राहते, तसे पायाचे होते. तो कडक होतो, थकतो आणि ठोका हुकतो.

दुसरी अडचण वजनाची. माणसाचा संपूर्ण पाय, मांडीसह, त्याच्या वजनाच्या सुमारे 16 टक्के असतो. घोट्याखालचा भाग मात्र दीड टक्क्याच्या आसपास. 60 किलो वजनाच्या माणसाचा पूर्ण पाय साडेनऊ किलोंच्या वर भरेल, तर घोट्याखालचा भाग एक किलोही भरणार नाही. म्हणून संथ आणि जोरदार ठोक्यांसाठी वादक मांडीपासून पाय उचलतो, पण लय वाढली की तो मांडी जवळजवळ स्थिर ठेवून फक्त घोट्यातून पाय हलवतो. जड वस्तू पुढे-मागे हलवणे कठीण, हलकी वस्तू हलवणे सोपे. हे तत्त्व तुम्ही जडत्वाच्या धड्यात वाचलेच आहे.

स्प्रिंगचाही येथे वाटा आहे. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्का दिला तर थोड्या श्रमात तो उंच जातो. हातोडी आणि स्प्रिंग यांचीही अशी स्वतःची लय असते. स्प्रिंग ताणून घट्ट केली की ती लय वाढते. चांगला वादक हातोडी ढकलत बसत नाही. ढोलावरून उसळून आलेली हातोडी तो नेमक्या क्षणी पुन्हा परतवतो.

शाळकरी मुलाचे चित्र

दोन बास ड्रम शेजारी ठेवून दोन्ही पायांनी वाजवावेत, ही कल्पना मेटल संगीताच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1924 मध्ये जन्मलेला लुई बेलसन पंधरा वर्षांचा असताना त्याने शाळेच्या चित्रकलेच्या तासाला अशा वाद्यसंचाचे चित्र काढले. पुढे त्याने ते प्रत्यक्षात आणले आणि 1951 मध्ये ड्यूक एलिंग्टन यांच्या प्रसिद्ध जॅझ वाद्यवृंदात तो दाखल झाला.

मेटलच्या जगात 1979 साल महत्त्वाचे आहे. 'मोटरहेड' या इंग्लिश वाद्यवृंदाच्या 'ओव्हरकिल' या गाण्याची सुरुवातच फिल टेलरच्या दोन पायांच्या अखंड ठोक्यांनी होते. 1986 मध्ये 'स्लेयर' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या डेव्ह लोंबार्डोने हा वेग आणखी वाढविला. दरम्यान दोन मोठे ढोल वाहून नेण्याचा त्रासही कमी झाला. 1983 मध्ये अमेरिकेतील एका कारखान्याने चांगले दुहेरी पायडल बाजारात आणले. त्यात ढोल एकच, हातोड्या मात्र दोन. डावे पायडल एका फिरत्या दांड्याने उजवीकडील हातोडीला जोडलेले असते. ट्रकच्या खाली इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा सांधे असलेला दांडा तुम्ही पाहिला असेल. रचना तशीच.

आता पुन्हा हिशेब करू. 13.3 ठोके दोन पायांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 6.7 येतात. एका पायाच्या दोन ठोक्यांमध्ये आता 75 ऐवजी 150 मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात स्नायू सैल पडू शकतो. मोठ्या सरावाने हे साध्य होते.

फुकट काही मिळत नाही

मग दोन पाय वापरणारा जिंकला काय? थांबा. एरवी डावा पाय 'हाय-हॅट' या जोडझांजा उघडझाप करून लय सांभाळीत असतो. तो बास ड्रमवर गेला की त्या झांजा पोरक्या होतात. दोन्ही टाचा उचललेल्या असल्याने वादकाला सगळा तोल बैठकीवर आणि कमरेवर सांभाळावा लागतो.

सर्वांत कठीण प्रश्न समानतेचा. बहुतेकांचा डावा पाय उजव्यापेक्षा दुबळा असतो. शिवाय लांब दांड्यामुळे डावे पायडल थोडे जडही लागते. उजवा ठोका वेळेवर आणि डावा 15 मिलिसेकंद उशिरा पडला, तर अंतरे 75-75 न राहता 90-60 होतात. एवढा फरक कानाला लगेच लंगडा वाटतो. एका पायाचे ठोके मात्र त्याच स्नायूंचे असल्याने एकसारखे ठेवणे तुलनेने सोपे जाते.

एका पायाच्या युक्त्या

एका पायाचे वादकही गप्प बसले नाहीत. 'लेड झेपेलिन'च्या जॉन बॉनमने 1969 च्या 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' या गाण्यात एकाच पायडलवर ठोक्यांच्या अशा जलद जोड्या वाजविल्या की, अनेकांना तेथे दोन ढोल असावेत असे वाटले. जोडीनंतर पायाला क्षणभर विसावा मिळतो, म्हणून हे जमते. अखंड माळ वाजवायची असती तर तो विसावा मिळाला नसता.

दुसरी युक्ती टाच-चवड्याची. पाय एकदाच हलवायचा, पण आधी टाचेकडील भागाने आणि लगेच चवड्याने पायडल दाबायचे. हालचाल एक, ठोके दोन. तबल्यावरील 'धिरधिर' आठवा. तेथेही हात प्रत्येक बोलासाठी उचलला जात नाही, तळवा डोलवून त्याच्या दोन बाजूंनी आळीपाळीने बोल काढले जातात.

आणि शेवटी कान

समजा, पाय आणखी वेगवान झाले आणि मिनिटाला 250 मात्रांची चौगुन वाजू लागली. मग सेकंदाला 16.7 ठोके होतात. सेकंदाला सुमारे 20 च्या पुढे आपला कान आघात सुटे ओळखत नाही, ते मिळून एक घुमणारा स्वर बनू लागतात. ढोलाचा घुमारा लांबला तर ठोके त्याआधीच एकमेकांत मिसळतात. म्हणून वादक ढोलात उशी किंवा कांबळे ठेवतात आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या कठीण हातोडीने 'टक्' असा टोकदार आवाज काढतात.

तेव्हा वादाचा निकाल असा: अखंड, दीर्घ आणि अतिजलद माळेसाठी दोन पाय हवेतच, ती पळवाट नव्हे, शरीराची गरज आहे. थोडक्या जलद जोड्या, झांजांची साथ आणि एकसारखेपणा हवा असेल, तर एक पाय पुरतो. कोणताही मार्ग घ्या, ड्रमचे शिक्षक सुरुवात संथ लयीतच करून घेतात. नडगी किंवा घोटा दुखू लागला तर तेथेच थांबणे शहाणपणाचे.

आता मघाचा प्रयोग पुढे न्या. दहा सेकंद उजवा पाय, थोडी विश्रांती, दहा सेकंद डावा पाय, पुन्हा विश्रांती आणि मग दहा सेकंद दोन्ही पाय आळीपाळीने. तिन्ही आकडे वहीत लिहा. दोन्ही पायांचा आकडा उजव्या-डाव्याच्या बेरजेइतका आला का? कमी आला असेल, तर ते ठोके कोठे हरवले? शक्य असल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐका आणि कोणता पाय मागे पडतो ते शोधा. आठवडाभर रोज पाच मिनिटे सराव करून पुन्हा मोजा आणि दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहा.