बांधावरचे सरपण

लक्ष्मीपूजनाला डाळिंब हवेच, असा आमच्या घरचा शिरस्ता. बोईसरच्या बाजारातून फळे आणली, की सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न, "सांगोल्याची आहेत ना?" माहेर पडले ना तिकडचे!

२०२१ साली सासरवाडीला गेलो, तर अर्धी बाग उपटलेली. झाडे बांधावर रचून ठेवलेली. मेहुण्याने एक खोड पुढे धरले. "दाजी, हे भोक बघा." भोक कसले, टाचणी टोचल्याची खूण! पण कोयत्याने खोड आडवे तोडले, तो आत तपकिरी डाग पसरलेले.

मौज अशी, की हा इवलासा भुंगेरा लाकूड खातच नाही. खोडात बोगदे पाडून तो बुरशी पिकवतो आणि तिच्यावर पिले पोसतो. म्हणजे तोही बागाईतदारच! त्यातच सेराटोसिस्टिस ही मर रोगाची बुरशी खोडात शिरली, की पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबतात. आधी एक फांदी पिवळी, मग सारे झाड. ही बुरशी मातीतून आणि रोगट रोपांतूनही येते. सगळे पाप भुंगेऱ्याच्या माथी मारू नये.

"आणि ही लाकडे?" मी विचारले.

"राहू द्या. जळणाला होतील."

तेव्हा मी गप्प बसलो. तारापूरच्या कारखान्यात माल रवाना करणे हे माझे काम. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवल्याची ती खूण. एवढा उपद्व्याप कशाला, हे मी कधी विचारलेच नव्हते. परतल्यावर चौकशी केली.

२००२ साली अमेरिकेत सव्हाना बंदराजवळ आशियातला असाच एक भुंगेरा सापडला. बहुधा खोक्यांच्या लाकडातूनच आलेला. त्याने आणलेल्या बुरशीने आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली रानटी झाडे मारली. अंदाज तीस कोटींचा आहे. पुढे फ्लोरिडातल्या अॅव्होकॅडोच्या बागाही सुटल्या नाहीत.

आणि आमचे सरपण उरलेल्या बागेला खेटून रचलेले! त्याच रात्री मेहुण्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी त्याने ढीग पेटवला, उभ्या खोडांना गेरू आणि औषधाचा लेप दिला.

"सगळा जाळलास ना?" मी खात्री करून घेतली.

"सगळा, दाजी. फक्त आईने दोन मोळ्या न्हाणीच्या चुलीपाशी ठेवल्यात."