बुडबुड्यांची कामगिरी

जोहे-हमरापूरच्या मूर्तिशाळांत साच्यातून निघणारी गणेशमूर्ती आतून पोकळ असते. तिचा आकार पेलते ते पातळ कवच. वैद्यकशास्त्रातील सूक्ष्म बुडबुड्याची घडण अशीच आहे. आत निष्क्रिय वायू, भोवती स्निग्ध द्रव्याचे कवच आणि आकार तांबड्या रक्तपेशीएवढा. इंजेक्शनने शिरेत सोडल्यावर तो सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी जोराने परतवितो आणि यकृतातील गाठ स्पष्ट दिसू लागते. पुढे वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडांवर त्याचा भार पडत नाही.

पवईच्या आयआयटीत प्रा. रिंती बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेने २०१८ साली याहून सूक्ष्म, नॅनो आकाराच्या बुडबुड्यांना पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध वाहणारे कण जोडले. ध्वनिलहरींच्या आघाताने औषध गाठीपाशीच मोकळे व्हावे व निरोगी पेशींना त्याची झळ कमी लागावी, हा त्यामागील हेतू.

असे यश रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी दीर्घ व खर्चिक चाचण्या पार कराव्या लागतात. तो खर्च सरकारने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पवईहून जोहे फार दूर नाही. प्रयोगशाळेपासून जोह्याच्या रुग्णापर्यंतचे अंतर मात्र निधीवाचून तुटणार नाही.