चिपर घेण्याआधी हाताचा हिशेब



आरोग्याच्या पानावर ट्रॅक्टरच्या मशीनची माहिती कशाला, असे काहींना वाटेल. आम्ही नर्सची नोकरी करत होतो तेव्हा कॅज्युअल्टीत सुगीच्या दिवसांत हमखास एक पेशंट यायचा. हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल रक्ताने भिजलेला आणि सोबत मशीनचा मालक. काय झाले विचारले की पेशंटच्या आधी मालकच बोलायचा, "पडला आणि लागलं." केसपेपरवर तेच लिहिले जायचे. बोटे गेलेली असायची कडबाकुट्टीत किंवा मळणीयंत्रात. पुढे भरपाईचा विषय निघाला की तोच कागद मजुराच्या विरोधात जायचा. म्हणून हा विषय आमच्या मते आरोग्याचाच आहे.

नगर-मनमाड रस्त्यावरचे आमचे नागापूर एमआयडीसीमुळे ओळखले जाते. घरातला मुलगा कंपनीत शिफ्ट करतो आणि आईवडील आजूबाजूच्या गावांत शेतीकामाला जातात, अशी कितीतरी घरे इथे आहेत. अशाच एका गावच्या बचत गटाच्या ताई आमच्याकडे आल्या होत्या. गटाला समाजकल्याण विभागाच्या योजनेतून मिनी ट्रॅक्टर मिळालेला. नांगरटीचे, पेरणीचे दिवस संपले की तो उभाच राहतो. डाळिंबाची छाटणी झाली की बांधावर फांद्यांचे ढीग पडतात आणि शेतकरी ते पेटवून देतात. त्या फांद्यांची कुट्टी करणारा चिपर घेतला तर भाडे मिळेल, असा त्यांचा विचार. त्यांनी विचारले, "कोणता घ्यावा?" आम्ही उलट विचारले, "त्याच्या तोंडाशी उभं कोण राहणार?" त्या म्हणाल्या, "आम्हीच की."

हा लेख त्या उत्तराला धरून लिहिला आहे.

आधी ट्रॅक्टरची ताकद बघा

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठीच्या या योजनेत ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने मिळतात. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३ लाख १५ हजार रुपये अनुदान असते. गटात किमान ८० टक्के सदस्य या घटकांतले असावे लागतात, अध्यक्ष आणि सचिवही त्यांतलेच. अशा शेकडो गटांच्या दारात आज छोटा ट्रॅक्टर आहे, पण बाजारात मोठ्या ट्रॅक्टरवर चालणारे चिपरही विकायला आहेत. विक्रेता म्हणेल, "चालतंय ताई, काही होत नाही." तिथे थांबायचे.

इंजिनाची सगळी ताकद मशीनला मिळत नाही. १८ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर साधारण १५ एचपीच येते. फांदीच्या जाडीच्या दर इंचाला पीटीओवर चार-पाच एचपी लागते, असा ढोबळ हिशेब धरावा. म्हणजे आपल्या मिनी ट्रॅक्टरला तीन इंचांपर्यंतची फांदी पुष्कळ झाली. डाळिंबाची, द्राक्षाची छाटणी, तुरीच्या तुऱ्हाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या यांना तेवढे पुरते. वेड्या बाभळीचे जाड खोड त्यात घालायचे नाही. ताकद कमी पडली की मशीन गुदमरते, फांदी अडकते आणि ती सोडवायला माणूस हात आत घालतो. आम्ही दवाखान्यात पाहिलेली बरीचशी बोटे अशीच, अडकलेले सोडवताना गेली होती.

मशीन निवडताना टेप सोबत न्या

छोट्या चिपरमध्ये बहुधा फांदी आत ओढायला वेगळे रोलर नसतात. फिरणारे पातेच फांदीला ओढून घेते. फांदी हातात धरून ठेवली तर हात तिच्यामागे जातो. त्यामुळे तोंड, म्हणजे हॉपर, किती लांब आहे हे सर्वांत महत्त्वाचे. दुकानात मशीन बंद असताना, ट्रॅक्टरला न जोडलेले असताना टेप लावा. हॉपरच्या कडेपासून पात्यापर्यंतचे अंतर गटातल्या सर्वांत लांब हाताच्या ताईच्या हातापेक्षा जास्त हवे. मळणीयंत्रासाठीच्या आयएस ९०२० या भारतीय मानकात माल घालायची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब आणि त्यातली ४५० मिलिमीटर वरून झाकलेली असावी असे सांगितले आहे. मळणीयंत्रांच्या अपघातांचा अनुभव आपल्या देशाने फार महागात घेतला. १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला तो त्यातूनच. चिपर घेतानाही तेवढे माप तरी मागावे. आखूड तोंडाचे मशीन स्वस्त मिळते. ते घेऊ नका.

आणखी चार गोष्टी बघा:

• रोलर असलेले मशीन परवडत असेल तर त्याला हाताने किंवा मांडीने ढकलताच थांबणारा दांडा आहे का? तो दुकानदाराला चालवून दाखवायला सांगा.

• पीटीओ शाफ्टवर प्लास्टिकचे पूर्ण कव्हर आहे का? ते फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना साखळ्या आहेत का? ट्रॅक्टरच्या बाजूचे झाकणही जागेवर हवे.

• शिअर बोल्ट आहे का? मशीन अडकले की हा बोल्ट तुटतो आणि बाकीचे वाचते. तुटला की तसाच, त्याच ग्रेडचा बोल्ट घालायचा. जाड बोल्ट किंवा खिळा घालून काम भागवले तर पुढच्या वेळी शाफ्टच तुटून उडेल.

• कुट्टी बाहेर पडायची नळी फिरवता येते का? ती माणसांकडे किंवा रस्त्याकडे तोंड करून राहता कामा नये.

चिपर मिनी ट्रॅक्टरच्या उपसाधनांत बसला नाही, तर कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या, अल्पभूधारक आणि महिला शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पूर्वसंमती मिळण्याआधी मशीन विकत घेतले तर अनुदान जाते, हे विसरू नका. कोटेशनसोबत मशीनचा तपासणी अहवाल मागा आणि तो समजत नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आपल्या जिल्ह्यात बाभळेश्वरला आणि दहिगाव-ने इथे ती आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. लाजायचे काही कारण नाही, विचारणे हा आपला हक्क आहे.

पदर आणि शाफ्ट

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरला तर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. सहावारी साडी साडेपाच मीटरची. "अगं बाई" म्हणेपर्यंत पदर संपून माणूस शाफ्टवर गेलेला असतो. म्हणून मशीनवर काम करताना साडीवर ओढणी, मोकळा पदर, गळ्यातला रुमाल, लोंबता ताईत, हातातल्या बांगड्या चालणार नाहीत. पंजाबी ड्रेसची सलवार आणि वरून घट्ट बटणांचा शर्ट बरा. केस बांधून टोपीत घ्यावेत. गटातल्या एखाद्या सासूबाईंना हे पटणार नाही. त्यांना हा नऊ फेऱ्यांचा हिशेब सांगा.

डोळ्यांना चष्मा आणि कानाला आवाज अडवणारे कव्हर हवे. आठ तासांसाठी ८५ डेसिबलच्या वर आवाज कानाला घातक धरतात; चिपरचा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. कानात आधी किणकिण येते, मग पोरांचे बोलणे ऐकू येईनासे होते आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. धुळीसाठी तोंडाला ओला रुमाल पुरत नाही, नीट बसणारा मास्क घ्या. दम्याच्या माणसाला या कामावर ठेवू नका. ढिगात गाजर गवत असेल तर ते आधी वेगळे काढा, त्याने अंगाला खाज आणि दम लागतो. कण्हेर विषारी आहे, तिची कुट्टी जनावरांपुढे कधीही जाऊ देऊ नका. डाळिंबाच्या तेल्या रोगाच्या फांद्यांची कुट्टी बागेत पसरली तर रोगही पसरतो. त्या फांद्या वेगळ्या काढून नष्टच कराव्यात.

देखभाल म्हणजेच सुरक्षा

बोथट पाते धारदार पात्यापेक्षा जास्त धोक्याचे असते. धार गेली की फांदी आपोआप आत जात नाही आणि माणूस ती ढकलू लागतो. कुट्टीच्या ठिकाणी तंतू पडायला लागले, मशीन थरथरू लागले किंवा फांदी ढकलावी लागली की समजायचे, आजचे काम थांबवून धार लावायची.

रोज काम सुरू करण्यापूर्वी पात्याचे आणि हॉपरचे बोल्ट बघा. जॉइंटच्या क्रॉसला आणि बेअरिंगला पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ग्रीस द्या. बेल्ट सैल आहे का, कव्हरला तडा आहे का, साखळी लावली आहे का, हे पाहा. फांद्यांत तार, सुतळी, खिळे, दगड नाहीत ना, हे ढीग लावतानाच तपासा. द्राक्षाच्या फांद्यांत तार हमखास सापडते.

पाती नेहमी जोडीने काढून जोडीने धार लावा. एकाच पात्याला धार लावली तर वजन बदलते आणि चाक डगमगते. चालते पाते आणि स्थिर पाते यांच्यातली फट कंपनीच्या पुस्तकातल्या मापाची ठेवा. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये काम करणारा आपलाच एखादा मुलगा हे काम नीट करून देईल. त्याच्याकडून गटातल्या दोघींनी शिकून घ्यावे. चाळिशीच्या बायकांना पाना धरता येत नाही, असे कोणी म्हटले तर हसून सोडून द्या.

एक नियम मात्र देवळातल्या नवसासारखा नव्हे, शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ करा. झाकण उघडण्याआधी पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली काढून आपल्या कमरेला. मग चाक पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा. जड चाक पीटीओ बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते. अडकलेले सोडवायला लाकडी काठी वापरा, तीही मशीन थांबल्यावरच. लहान मुले आणि दारू प्यायलेला माणूस मशीनजवळ नकोत. एकट्याने कधीही चालवू नका, दुसरी व्यक्ती ट्रॅक्टरपाशी हवी.

आणि तरीही अपघात झाला तर

१. इंजिन बंद करा. हात अडकला असेल तर ओढू नका, चाक उलटे फिरवू नका. १०८ ला फोन करा आणि मशीन खोलणाऱ्याला बोलवा.

२. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोराने दाबून धरा, हात वर ठेवा. रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, रुंद पट्टी घट्ट आवळा. आवळल्याची वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती सोडू नका.

३. तुटलेले बोट शोधा. स्वच्छ पाण्याने हलके धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते निकामी होते. बोटाला थंडाव्यात थोडा जास्त वेळ मिळतो. मनगटापासून हात गेला असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी.

४. हळद, चहापूड, रॉकेल, राख काहीही लावू नका. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.

५. डोळ्यात कुसळ रुतले असेल तर काढू नका, चोळू नका. वरून कप पालथा ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

केसपेपरवर खरे लिहून घ्या

दवाखान्यात पोहोचल्यावर जखमीने किंवा नातेवाइकाने स्वतः सांगायचे: कोणत्या मशीनवर, कोणाच्या शेतात, कोणाच्या कामावर असताना हे झाले. केसपेपरवर तेच लिहिले का, वाचून घ्या. वाचता येत नसेल तर नर्सला वाचायला सांगा. मालक रागावेल, दवाखान्याचा खर्च देतो म्हणेल. खर्च घ्या, पण खोटे लिहू देऊ नका.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत मृत्यूला २ लाख आणि एक हात गेल्यास १ लाख मिळतात, पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्या एका व्यक्तीसाठी आहे. आपल्यातले कितीतरी जण भूमिहीन आहेत, त्यांचे नाव कुठल्याच सातबारावर नाही. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे. ट्रॅक्टरने किंवा यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या साधनांवर शेतीकाम करणारा मजूर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत येत होता. त्या कायद्याचा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. अशा मजुराला मालकाकडून भरपाई मागता येते. ही मागणी टिकते ती पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर.

त्या ताईंनी अजून चिपर घेतलेला नाही. एका दुकानातले मशीन टेप लावून त्यांनी परत केले, तोंड वीतभर आखूड निघाले. दुकानदार म्हणाला, बायका मशीन घ्यायला आल्या आणि मापं काढत बसल्या. आम्हाला त्याचा आनंद वाटला. ट्रॅक्टर आपल्या नावावर झाला ही मोठी गोष्ट आहे. त्यावर राबणारे दोन्ही हात शेवटपर्यंत शाबूत राहिले पाहिजेत.

जयभीम.